मातीला आलेली गाडी

नोबोरूला मातीआड करून माणसं घरी परतली तेव्हा ऊन कललं होतं आणि पुढच्या खोलीत बसायला जागा पुरत नव्हती. चियोकोने शेजारच्या मेंडोझाबाईंकडून बाकडं मागून आणलं. देवळातल्या बायकांनी भाताच्या सुरळ्या, कमळकाकडीची भाजी, लोणच्याचा मुळा असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. फारसं कुणी खात नव्हतं, पण ताटल्या फिरत होत्या.

लढाई संपून चार वर्षं होत आली, तेव्हा कुठे अमेरिकन सरकारने तिच्या दिराची, नोबोरूची, शवपेटी फ्रान्सहून पाठवली होती. पेटीवर झेंडा होता. नोबोरूच्या पलटणीतली मुलं गणवेश चढवून आली होती, पुरोहितांनी मंत्र म्हटले, सगळं रीतसर झालं. फक्त शववाहिकेच्या मागोमाग जी गाडी चालली होती तिच्या आवाजाने एव्हरग्रीन स्मशानभूमीपर्यंत रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती.

आता ती गाडी दाराशी येऊन थांबली. इंजिन बंद होईपर्यंत खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

चियोको पदपथाकडे बघत राहिली. मडगार्ड नाहीत, टप नाही, बॉनेटच्या बाजूचे पत्रे काढून टाकलेले, त्यामुळे आठ सिलिंडरचं इंजिन उघडंच. जमिनीशी लगटलेली, दोन माणसांपुरती गाडी. हल्ली वर्तमानपत्रं अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणून शिव्या घालत. नोबोरूच्या वेळी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पोरं नुसतं रोडस्टर म्हणायची. त्याने ही गाडी बांधून तिला घरच्या रोपवाटिकेच्या काचघरांचा उरलेला हिरवा रंग ब्रशने फासला होता. आज ती लालभडक होती आणि दारावरून बारीक सोनेरी रेघ गेली होती.

नोबोरूचा गोरा मित्र डेल होल्कम उतरला, टाय नीट केला आणि फाटकाशी अदबीने उभा राहिला. याच्याच वडिलांच्या गॅरेजात चियोकोचा नवरा मसातो पत्र्याचं आणि रंगाचं काम करत होता. लढाईच्या काळात सरकारने जपान्यांना कोंडलं त्या छावणीतून सुटून आल्यावर जपानी माणसाला या शहरात कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा होल्कमांनी त्याला काम दिलं होतं. चियोकोने वळून मसातोकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात मसातोने तिला जे सांगितलं होतं ते घरात अजून कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई पायऱ्या उतरून गेल्या. शिझुनोबाई काळ्या किमोनोत होत्या. फाटकाबाहेर जाऊन त्या आधी डेलसमोर वाकल्या, मग गाडीसमोर वाकल्या, आणि बराच वेळ वर उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नोबोरू घरी आला त्याच दिवशी त्याची गाडीही घरी आणलीस," त्या जपानीत म्हणाल्या. "तुझे उपकार आम्ही कसे फेडणार, बाळा."

डेलला जपानी येत नव्हतं. त्याने मसातोकडे पाहिलं.

"आलास म्हणून आभार मानतेय," मसातो इंग्रजीत म्हणाला.

पायरीवर उभ्या असलेल्या चियोकोच्या नणंदेने, फुमियेने, दोन्ही वाक्यं ऐकली.

*

फुमिये सगळ्यांत धाकटी. गाडी बांधली गेली तेव्हा ती शाळेत होती, पण त्या गाडीतला एक खिळाही तिला अनोळखी नव्हता. सेलरीची भाजी पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या आवारात हा एकोणतीस सालच्या फोर्डचा सांगाडा कोंबड्यांनी बळकावला होता. तिथून तो सोडवून आणण्यासाठी नोबोरूने अख्खा हिवाळा रविवारी त्याच्या शेतात कंबर मोडेस्तोवर सेलरी काढली होती. चासी बत्तीस सालची. इंजिन लाँड्रीच्या एका ठोकरलेल्या ट्रकमधलं. ते त्याने काचघराच्या तुळईला टांगून वर घेतलं तेव्हा बाबांच्या जरबेराच्या दोन रांगा चिरडल्या, आणि बाबांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. डेल तेव्हाही यायचा. पाने-पक्कड हातात द्यायचा, सोडा प्यायचा, हसवायचा. मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर, जिथे पोरं वेगाच्या शर्यती लावत, नोबोरूने गाडी पळवली त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता तोच.

मग जपानशी लढाई जुंपली, बेचाळीस साल आलं. जपानी असाल तर दोन हातांत मावेल तेवढं घेऊन छावणीत चला, असा सरकारचा हुकूम झाला. भंगारवाले आणि बघे रोपवाटिकेभोवती गिधाडांसारखे घिरट्या घालू लागले. नोबोरूने गाडीचा कागद डेलच्या नावावर केला, म्हणजे निदान ती तरी वाचेल. छावणीकडे नेणारी बस मोहावेच्या माळावरून चालली होती तेव्हा त्याने पडद्याची कड सारून फुमियेला दाखवलं होतं, "त्या तिकडे तळं आहे." पहारेकऱ्याने पडदा ओढायला लावला.

आणि या जानेवारीत एका मासिकात गाडीचा फोटो आला. खाली छापलं होतं की डेल होल्कम या तरुणाने ही गाडी वडिलांच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी बांधली. फुमियेने तो अंक दादापुढे आपटला होता. आईबाबांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना कशाला सांगायचं, असं म्हणून दादाने तो चुलीत घातला.

आज ती गप्प बसणार नव्हती. पण आधी उदबत्ती. नोबोरूच्या गणवेशातल्या फोटोपुढे डेल गुडघे टेकून बसला, राखेत उदबत्ती रोवली, मर्तिकाच्या घरी रीतीप्रमाणे द्यायच्या पैशांचं, काळ्या दोऱ्याचं पाकीट ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. ते रडणं खोटं नव्हतं, आणि फुमियेला त्याचाच जास्त राग आला.

तो उठून बाजूला येऊन बसला, आईने त्याच्यापुढे ताटली ठेवली, तेव्हा फुमिये इंग्रजीत म्हणाली, "दादाने मघाशी तुला नीट सांगितलं नाही. आई आल्याबद्दल आभार मानत नव्हती. तू गाडी परत आणलीस म्हणून मानत होती. परत आणली आहेस ना, डेल?"

डेलने ताटली गुडघ्यावर ठेवली. "मसातो, तू सांगितलं नाहीस?"

"आज नको," मसातो म्हणाला.

"काय सांगितलं नाहीस?" फुमियेने विचारलं.

मग ते बाहेर पडलं. शिकागोच्या एका गृहस्थाने मासिकातला फोटो बघून गाडी मागितली होती. सोमवारी ती रेल्वेने रवाना होणार होती. त्या पैशातून डेल स्वतःचं दुकान काढणार होता, वेगवान गाड्यांच्या सुट्या भागांचं, आणि तिथली कार्यशाळा मसातो सांभाळणार होता. आज डेल गाडी घेऊन आला होता तो शेवटचा निरोप द्यायला. नोबोरूच्या मागे त्याची गाडी चालावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे, दादा?"

मसातो आपल्या हातांकडे बघत होता. नखांच्या कडेला अजून तांबूस होतं. "गिऱ्हाइकाला लाल हवी होती," तो म्हणाला. "रंग मीच दिला."

"आणि हिरवा?"

"खरवडला."

फुमिये भावाकडे बघत राहिली. मासिकावर आणि डेलवर चिडणं सोपं होतं. पण नोबोरूने फासलेला तो वेडावाकडा हिरवा थर त्याच्या सख्ख्या भावाने पट्टीने खरवडून काढला आणि त्या संध्याकाळी घरी येऊन आईने वाढलेला भात खाल्ला, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

*

डेलला खरोखर वाटत होतं की आपल्यावर अन्याय होतोय. जपड्याची गाडी घरात ठेवतो म्हणून त्याच्या गल्लीतल्या लोकांनी त्याच्या आईशी बोलणं टाकलं होतं. त्याने गाडी गवताखाली लपवून ठेवली, पेट्रोलच्या तुटवड्यात मंझानारच्या छावणीपर्यंत जाऊन यांना पीचची पेटी दिली, बापाशी भांडून मसातोला कामावर घेतलं. लढाईनंतर इंजिन उतरवून हेड घासून घेतलं, दोन कार्बोरेटर बसवले, एल मिराजच्या तळ्यावर धूळ खाल्ली. आज गाडी जशी पळते तशी नोबोरूच्या हातून कधी पळालीच नव्हती. हे सगळं त्याने बोलूनही दाखवलं, आवाज न चढवता.

"आणि तारेच्या कुंपणाशी तो मला म्हणाला होता," शेवटी तो म्हणाला. "परत नाही आलो तर तू ठेव. माझ्या मेलेल्या मित्राची शपथ."

"ठेव म्हणाला," फुमिये म्हणाली. "विक म्हणाला नाही. मी बांधली असं सांग, असंही म्हणाला नाही."

"ते त्या छापणाऱ्यांनी लिहिलं."

"तू त्यांना नोबोरूचं नाव सांगितलंस?"

डेलने खोलीभर नजर फिरवली. खोलीतल्या माणसांनी जेवणं थांबवली होती. "खरं सांगू? जपानी नाव घातलं असतं तर त्यांनी फोटोच छापला नसता. तुम्हालाही ठाऊक आहे ते."

दाराशी उभी असलेली चियोको इतका वेळ मनातून त्याच्या बाजूने होती. मेलेल्या माणसाला गाडी कशाला हवी? जिवंत माणसांना घर हवं असतं, आणि दुकान चाललं तर त्यांनाही स्वतःचं घर झालं असतं. फुमियेला काय, तिच्या पाठीमागे अजून संसार नव्हता. पण डेलचं हे वाक्य ऐकून तिला एक विचारावंसं वाटलं आणि ती पुढे आली.

"दुकानावर पाटी कुणाच्या नावाची असेल?"

"होल्कम," डेल म्हणाला.

"यांचं नाव नाही?"

"वहिनी, मसातोचा हिस्सा कुठे जात नाही. पण पाटीवर शिगेकावा हे आडनाव लिहिलं तर गिऱ्हाईक आत येईल का? तो मागे काम बघेल, पुढे मी लोकांशी बोलेन. त्यातच त्याचं भलं आहे."

चियोकोने नवऱ्याकडे पाहिलं. मसातोने मान खाली घातली, म्हणजे हे त्याला आधीच माहीत होतं आणि त्याने मान्यही केलं होतं. एका क्षणात तिच्या ध्यानात आलं की नोबोरूच्या बाबतीत जे झालं तेच तिच्या नवऱ्याच्या बाबतीत व्हायचं होतं, फक्त त्यासाठी त्याला मरायचीही गरज नव्हती.

"फुमिये बरोबर बोलतेय," ती म्हणाली, आणि डेलच्या गुडघ्यावरची ताटली तिने उचलून नेली.

शिझुनोबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. डेल त्यांना परका नव्हता. नोबोरूचं ऐकून तोही त्यांना ओकासान म्हणायचा, आई म्हणायचा. छावणीच्या त्या धुळीत त्याने आणलेले पीच त्यांनी बिया चोखून संपेपर्यंत खाल्ले होते. पोरगा गेल्याची तार आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, नोबोरूचा एक मित्र आहे, तो आहे तोवर नोबोरूचं काहीतरी आहे.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "मसातो, सांग ना. गाडी ठेवायला जागा नाही म्हणून भांडता का? मागच्या अंगणात लिंबोणीखाली ठेवू."

फुमियेने आईचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सगळं सांगितलं. शिकागो, सोमवार, मासिक. रंग कुणी खरवडला ते मात्र तिने सांगितलं नाही.

ते मसातोने सांगितलं.

शिझुनोबाई उठल्या आणि आत निघून गेल्या. त्यांच्या नवऱ्याची, कुमातारोंची, खिडकीपाशी असलेली खुर्ची केव्हाची रिकामी होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

डेलने टोपी घेतली. आज विषय काढायला नको होता, आपण उद्या गॅरेजात बोलू, असं मसातोला सांगत तो बाहेर आला, आणि पायरीवरच थबकला.

कुमातारो गाडीत बसले होते. काळा सूट, काळी टोपी, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर. रोपवाटिका गेल्यापासून ते पसाडिनातल्या लोकांची हिरवळ कापत, आणि त्यांची बोटं चाकाभोवती आकड्यासारखी वळलेली होती. किल्ली गाडीतच होती. या गल्लीत तिला कुणी हात लावणार नाही याची डेलला खात्री असावी.

"तुझ्या वडिलांना उतरायला सांग," डेल मसातोला म्हणाला.

मसातो खाली गेला आणि वडिलांना जपानीत म्हणाला, "बाबा, चला आत. लोक बघताहेत."

कुमातारो समोर बघत बोलले. वर्षानुवर्षांत त्यांचं एवढं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आवाज मोठाही नव्हता.

"रोपवाटिका सोड म्हणाले, सोडली. बसमध्ये चढ म्हणाले, चढलो. तारेच्या आत राहा म्हणाले, राहिलो. मुलगा दे म्हणाले, दिला. आज त्याची पेटी हातात दिली, आणि हा पोरगा म्हणतो गाडीतून उतर. त्याला सांग, मी उतरत नाही."

डेल वाट बघत होता. मसातोलाही ठाऊक होतं की आपण आता काय म्हणू शकतो. बाबांचं डोकं आज ठिकाणावर नाही, जरा वेळ दे. आयुष्यभर तो हेच करत आला होता. छावणीच्या अधिकाऱ्यांपुढे, घरमालकापुढे, गॅरेजात. बाबांचे शब्द घ्यायचे, त्यांचे काटे काढायचे आणि साहेबाच्या हातात मऊ करून ठेवायचे. त्याच्या या कसबावर सगळं घर जगलं होतं. ओसरीवर पलटणीतली मुलं ताटल्या घेऊन येऊन उभी राहिली होती. त्यांच्यातला एक कुबडीवर होता.

मसातोने बाबांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. 'मुलगा दे म्हणाले, दिला' इथे त्याचा आवाज फाटला, तरी त्याने ते सांगितलं.

"त्यांना कळतंय का की कायद्याने ही चोरी आहे?" डेलचा चेहरा लाल झाला होता. "कागद माझ्या नावावर आहे. मी पोलिसांना बोलावू शकतो."

मसातोने तेही जपानीत सांगितलं.

"बोलाव म्हणावं," कुमातारो म्हणाले. "पोलिसांबरोबर जायची आम्हाला सवय आहे."

मसातोने ते जसंच्या तसं सांगितल्यावर कुबडीवाला मुलगा हसला, आणि मग तोंड वळवून डोळे पुसू लागला.

"आणि हे माझं," मसातो पुढे म्हणाला. "मी सोमवारपासून येत नाही. दुकानातही नाही."

"तुला दुसरीकडे कोण ठेवणार आहे?"

"बघेन."

डेलने दाराकडे पाहिलं. शिझुनोबाई परत आल्या होत्या. एवढ्या माणसांत त्या एकट्याच आपल्याला समजून घेतील अशा आशेने तो त्यांच्याकडे वळला. "ओकासान," तो म्हणाला.

त्या पायऱ्या उतरल्या. त्यांच्या दोन्ही हातांत काळ्या दोऱ्याचं पाकीट होतं, त्याने फोटोपुढे ठेवलेलं, न फोडलेलं. मर्तिकाच्या घरी आलेलं पाकीट परत करायचं म्हणजे संबंध तोडायचा, हे तिथल्या प्रत्येक जपानी माणसाला कळत होतं. देवळातल्या बायकांनी नजरा खाली वळवल्या. शिझुनोबाई वाकल्या, रीतीत तसूभर कमी न करता, आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं. दारावर येणाऱ्या फेरीवाल्यांना परत पाठवण्यापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं.

"नो, थँक यू," त्या म्हणाल्या.

डेलने पाकीट घेतलं. न घेऊन करणार काय? तो फर्स्ट स्ट्रीटच्या ट्रामकडे पायी निघाला, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

पोलीस आले नाहीत. त्या आठवड्यात नाहीत आणि पुढेही नाहीत. गाडी इथेच राहिली, पण तिचा कागद आला नाही. कागदोपत्री ती डेल मरेपर्यंत त्याच्याच नावावर राहिली, आणि त्या मासिकाने चूक कधी दुरुस्त केली नाही, फुमियेने किती पत्रं लिहिली तरी. मसातोला वर्षभर हंगामी कामांवर काढावं लागलं. चियोको त्याला त्यावरून एक शब्दही बोलली नाही, आणि इतर गोष्टींवरून भरपूर बोलली.

त्या संध्याकाळी मात्र पाहुणे पांगले तरी कुमातारो उतरले नाहीत. शिझुनोबाईंनी त्यांचा भात गाडीतच नेऊन दिला. तो त्यांनी चाकावर वाटी टेकवून खाल्ला. दिवे लागायच्या सुमारास फुमिये बाहेर आली. काळ्या पोशाखावर तिने नोबोरूचं जुनं जाकीट चढवलं होतं.

"बाबा, सरका."

ते तिच्याकडे बघत राहिले. "तुला येते?"

"नोबोरूने शिकवलीय. तुमच्या जरबेराच्या मधल्या वाटेवर."

कुमातारो सरकले. तिने किल्ली फिरवली. गल्लीतली कुत्री भुंकू लागली, मेंडोझाबाई खिडकीत आल्या. कुमातारोंनी टोपी काढून मांडीवर घट्ट धरली. मुलगा होता तोवर ते या गाडीत कधी बसले नव्हते, त्याने कितीदा म्हटलं तरी. गल्ली संपली, कोपरा आला, आणि वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उभे राहिले. ते काहीतरी म्हणत होते, पण इंजिनापुढे ऐकू येत नव्हतं. फुमियेने कान त्यांच्याकडे केला.

"ही एवढीच पळते का?" ते विचारत होते.